थकलेल्या कुत्र्याला घर कोण देणार?

२०२५ सालच्या ऑगस्टमध्ये भटक्या कुत्र्यांचा प्रश्न वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर आला आणि त्यानंतर गावोगावी त्यावर बोलणे सुरू झाले. आपल्या भागातही दूध डेअरीपासून चहाच्या टपरीपर्यंत सगळीकडे हा विषय निघाला. बहुतेक ठिकाणी दोनच पक्ष पडतात. एक म्हणतो, सगळी कुत्री उचला. दुसरा म्हणतो, मुक्या जिवाला हात लावू नका. या भांडणात एक साधा प्रश्न मागे राहून गेला. उचललेली कुत्री जाणार कुठे, आणि तिथे ती म्हातारी झाली म्हणजे त्यांचे काय होणार? आपल्या मंडळाच्या सभासदांनी या प्रश्नाकडे थोडे बारकाईने पाहावे असे आम्हाला वाटते, कारण त्याच्या उत्तराचा एक लहानसा भाग आपल्या हातात आहे.

न्यायालयाने नेमके काय सांगितले

बातम्या तुकड्यातुकड्याने येतात, त्यामुळे क्रम ध्यानात राहत नाही. म्हणून तो थोडक्यात देतो. ११ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींच्या पीठाने दिल्ली आणि आसपासच्या भागातील भटकी कुत्री उचलून निवारा केंद्रांत ठेवावीत, पुन्हा रस्त्यावर सोडू नयेत, असा आदेश दिला. त्यावर देशभर गदारोळ झाला. २२ ऑगस्टला तीन न्यायमूर्तींच्या पीठाने तो आदेश बदलला. निर्बीजीकरण, जंतनाशक औषध आणि लसीकरण करून कुत्रे जिथून उचलले तिथेच सोडावे. फक्त रेबीज झालेले, रेबीजचा संशय असलेले किंवा अंगावर धावून येणारे कुत्रे सोडू नये, असे ठरले. याच आदेशात दत्तकाचीही सोय आहे. प्राणिप्रेमी माणसाने नगरपालिकेकडे अर्ज करावा, ठरलेल्या कुत्र्याला खूण घालून ते त्याच्या हवाली करावे, आणि ते पुन्हा रस्त्यावर येणार नाही याची जबाबदारी त्या माणसाची राहील.

त्यानंतर ७ नोव्हेंबर २०२५ चा आदेश आला. शाळा-महाविद्यालये, दवाखाने, क्रीडा संकुले, बस स्थानके आणि रेल्वे स्थानके यांच्या आवारातील कुत्री उचलून, निर्बीजीकरण व लसीकरण करून निवारा केंद्रात ठेवावीत आणि त्याच जागी परत सोडू नयेत, असे त्यात म्हटले आहे. दर तीन महिन्यांनी किमान एकदा या जागांची तपासणी करण्याचे कामही स्थानिक संस्थांवर टाकले आहे.

या शेवटच्या आदेशाचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. बस स्थानकात किंवा दवाखान्याच्या पायरीवर जे कुत्रे पडून असते ते पिल्लू नसते. ते चार, सहा, आठ वर्षांचे, त्या जागेला आणि तिथल्या माणसांना सरावलेले जनावर असते. म्हणजे इथून पुढे निवारा केंद्रांत भर पडेल ती मुख्यतः वाढलेल्या आणि उतारवयाकडे झुकलेल्या कुत्र्यांची.

आकड्यांची बाजू

२०१९ च्या पशुगणनेत देशात सुमारे १ कोटी ५३ लाख भटकी कुत्री मोजली गेली. त्यांत महाराष्ट्रात सुमारे पावणेतेरा लाख आणि कर्नाटकात सुमारे साडेअकरा लाख. दुसऱ्या बाजूला, २०२४ मध्ये देशात कुत्रा चावल्याच्या ३७ लाखांहून अधिक घटना नोंदल्या गेल्याचे सरकारने संसदेत सांगितले. दोन्ही आकडे डोळ्यांसमोर ठेवले तर कुणालाही हा प्रश्न हसण्यावारी नेता येणार नाही. ज्याच्या घरचे लेकरू चावले गेले आहे त्याचा राग खरा आहे, त्याला भूतदयेचे धडे देण्यात अर्थ नाही.

आता खर्चाचा अंदाज करू. समजा, एका कुत्र्याच्या खाण्यावर, औषधावर आणि सांभाळणाऱ्याच्या पगारावर मिळून दिवसाला फक्त ५० रुपये खर्च धरला. वर्षाचे १८,२५० रुपये होतात. शंभर कुत्र्यांचे लहानसे केंद्र चालवायचे तर वर्षाला १८ लाख २५ हजार. हा आकडा आम्ही केवळ हिशेबासाठी धरला आहे, जागा आणि बांधकाम यांत नाहीच. कुत्रे आत आले की एका वर्षात बाहेर जात नाही, ते मरेपर्यंत तिथे राहते. बँकेच्या भाषेत सांगायचे तर हे दरवर्षी वाढणारे देणे आहे, आणि त्याच्या समोर जमेची बाजू जवळजवळ कोरी आहे. जमेला दोनच गोष्टी लागू शकतात. एक, निर्बीजीकरण नीट होऊन नवी भर थांबणे. दोन, आतली काही कुत्री घरी जाणे.

दुसरा ओघ घरातून येतो

निवारा केंद्रात येणारी सगळी कुत्री रस्त्यावरची नसतात. हौसेने आणलेले लॅब्रॅडॉर, पग, जर्मन शेफर्ड नऊ-दहा वर्षांचे झाले, चालताना लंगडू लागले, घरात लघवी करू लागले किंवा मालकाची बदली झाली की एखाद्या सकाळी केंद्राच्या फाटकाला बांधलेले सापडते. हा प्रकार फक्त मोठ्या शहरांतला नाही, बेळगाव-कोल्हापूरसारख्या गावांतही हौशी कुत्र्यांची संख्या वाढते आहे.

असे सोडून देणे हा गुन्हा आहे, हे पुष्कळांना माहीत नसते. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० चा. त्याच्या कलम ११ मध्ये योग्य कारणाशिवाय जनावर उघड्यावर सोडून देणे ही क्रूरता मानली आहे. पण शिक्षा पाहा: पहिल्या गुन्ह्याला कमीत कमी १० आणि जास्तीत जास्त ५० रुपये दंड. १९६० साली ५० रुपयांना किंमत होती. आज तेवढ्यात दोन माणसांचा नाश्ताही होत नाही. कायद्याचा धाक एवढाच असेल तर माणसाच्या मनाला वाटले तरच जनावर वाचते.

विरारचे चार निवृत्त

मनाला वाटले म्हणजे काय होते, याचे एक उदाहरण मुंबईतले आहे. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात मुंबई पोलिसांच्या बॉम्बशोधक पथकातील मॅक्स, सुलतान, टायगर आणि सीझर या कुत्र्यांनी काम केले. अतिरेक्यांनी छत्रपती शिवाजी टर्मिनसवर मागे टाकलेले हातबॉम्ब सीझरने हुडकून काढले. स्टेशनात किती माणसे असतात हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना त्याचे मोल वेगळे सांगायला नको. पुढे हे चौघेही निवृत्त झाले. वय झालेले, सांधे धरलेले. एका प्राणिप्रेमी कुटुंबाने त्यांना विरारजवळच्या आपल्या शेतावर नेले आणि शेवटपर्यंत सांभाळले. २०१६ साली एकामागून एक चौघेही गेले, शेवटी ऑक्टोबरमध्ये सीझर गेला. पोलीस खात्याने त्यांना मानाने निरोप दिला.

आपल्या भागाला फौजेचे उदाहरण अधिक जवळचे वाटेल. बेळगावात मराठा लाईट इन्फंट्रीचे केंद्र आहे, आणि आपल्याकडे घराघरांत कुणी ना कुणी फौजेत राहून आलेला असतो. फौजेतील कुत्री निवृत्त झाली की त्यांना शांतपणे मरण देण्याची जुनी रीत होती. २०१५ साली माहिती अधिकारातून ती लोकांसमोर आली, त्यावर टीका झाली आणि रीत बदलली. आता मीरतच्या रिमाउंट अँड व्हेटरनरी कोअरच्या केंद्रात अशा कुत्र्यांचा सांभाळ होतो आणि योग्य घर असेल तर ती दत्तकही दिली जातात. केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाने नोव्हेंबर २०१९ मध्ये दिल्लीत आपल्या सात कुत्र्यांना रीतसर निवृत्ती समारंभ करून एका प्राणिसंस्थेच्या हवाली केले. अमेरिकेने तर २००० साली यासाठी कायदाच केला.

म्हणजे सेवा केलेल्या जनावराचे उतारवय ही आपली जबाबदारी आहे हे सरकारी खात्यांनीही मान्य केले. बस स्थानकातल्या कुत्र्याने बॉम्ब शोधलेला नसतो हे खरे. पण रात्री शेवटची गाडी गेल्यावर त्या आवारात अनोळखी माणूस शिरला तर भुंकून उठणारे तेच असते.

वयस्क कुत्रे का नको वाटते

घरात कुत्रे आणायचे म्हटले की मुलांना पिल्लू हवे असते. अमेरिकेतील एका मोठ्या प्राणिसंस्थेच्या आकड्यांनुसार तरुण कुत्री आणि पिल्ले यांपैकी सुमारे ६० टक्क्यांना घर मिळते, वयस्क कुत्र्यांपैकी फक्त २५ टक्क्यांना. आपल्याकडे चित्र वेगळे असेल असे मानायला काही कारण नाही.

पण पिल्लू आणि वयस्क कुत्रे यांचा ताळेबंद मांडून पाहावा. पिल्लू वर्षभर चपला, गाद्या, वायरी कुरतडते. रात्री रडते. लसींचे वेळापत्रक, घरात घाण न करण्याची सवय, सगळे पहिल्यापासून. ते मोठे होऊन केवढे होईल आणि स्वभावाने कसे निघेल, हे कुणी सांगू शकत नाही. सात-आठ वर्षांच्या कुत्र्याचा आकार, आवाज, स्वभाव, मुलांशी आणि मांजराशी वागणे हे सगळे केंद्रातील माणसे आधीच सांगू शकतात. चांगल्या केंद्रातून येणाऱ्या कुत्र्याचे निर्बीजीकरण आणि लसीकरण झालेले असते. त्याला दिवसभर खेळ नको असतो. सकाळ-संध्याकाळ एक फेरी आणि माणसाच्या आसपास पडून राहायला जागा, एवढ्यात ते समाधानी असते.

खर्चाची बाजूही लपवू नये. उतारवयात दात किडतात, मूत्रपिंड कमजोर होते, सांधे धरतात, डोळ्यांत मोतीबिंदू येतो. सहा महिन्यांतून एकदा पशुवैद्याकडे नेणे आणि गरजेप्रमाणे रक्त तपासणे आवश्यक असते. आपल्या पावसात गोचीड फार, आणि गोचिडापासून येणारा ताप म्हाताऱ्या कुत्र्याला लवकर खाली बसवतो. नव्या घरांतल्या गुळगुळीत फरशीवर त्याचे पाय घसरतात, तिथे जुनी सतरंजी किंवा गोणपाट अंथरावे लागते. जेवणात भात, भाकरी, अंडे चालते. कांदा, मनुका-द्राक्षे आणि चॉकलेट देऊ नये.

मुदतीचा हिशेब

आता मुख्य मुद्दा. बँकेत एक साधा नियम शिकवतात: घेणे आणि देणे यांची मुदत जुळली पाहिजे. थोड्या मुदतीची ठेव घेऊन लांब मुदतीचे कर्ज वाटले की बँक अडचणीत येते.

आज उचगाव, बेकिनकेरे, सुळगा, हिंडलगा या पट्ट्यात कितीतरी घरांत नवरा-बायको दोघेच असतात. मुले पुणे, बंगळूर, काही तर परदेशात. घर मोठे, अंगण मोठे, माणसे दोन. अशा घरात राखणीला आणि सोबतीला कुत्रे हवे असे वाटणे स्वाभाविक आहे. पण देशी कुत्रे नीट सांभाळले तर १२ ते १५ वर्षे जगते. ६६ वर्षांच्या गृहस्थाने पिल्लू आणले तर ते म्हातारे होईल तेव्हा गृहस्थ ऐंशीला टेकलेले असतील. त्या वेळी साखळी हातात धरून फिरवायची ताकद राहील का? आजी-आजोबा मुलांकडे गेले किंवा देवाघरी गेले तर त्या कुत्र्याचे काय? निवारा केंद्राच्या फाटकाला बांधलेल्या पुष्कळ कुत्र्यांची कहाणी इथूनच सुरू होते.

त्याच गृहस्थाने आठ वर्षांचे कुत्रे आणले तर जबाबदारी पाच-सात वर्षांची राहते. ती हातपाय चालतात त्या काळात पार पडते. मुदत जुळते. म्हणून आमचे मत असे की साठीच्या पुढच्या घरांनी कुत्रे आणायचेच असेल तर वाढलेले, शांत स्वभावाचे कुत्रे आणावे. सॅन फ्रान्सिस्कोत २००७ पासून ‘मटव्हिल’ नावाची एक संस्था सात वर्षांवरील कुत्र्यांसाठीच काम करते. बासष्टीच्या पुढचा माणूस कुत्रे न्यायला आला तर ती त्याच्याकडून दत्तकाची फी घेत नाही. टेनेसी राज्यातील ‘ओल्ड फ्रेंड्स’ ही संस्था तर म्हातारे कुत्रे घरी सांभाळायला देते आणि औषधोपचाराचा खर्च स्वतः करते. कुत्रे सांभाळायला मन आणि घर आहे, पण दवाखान्याच्या खर्चाची धास्ती आहे, अशा निवृत्त माणसांना ही व्यवस्था सोयीची जाते. आपल्याकडच्या दानशूर मंडळींनी आणि संस्थांनी हा दुसरा प्रकार विचारात घ्यावा. केंद्रात शंभर कुत्र्यांना जेवण देण्यापेक्षा दहा कुत्र्यांच्या औषधाचा भार उचलून ती घरोघरी पोचवली तर केंद्रातली दहा जागा मोकळी होते.

‘थोड्याच वर्षांत जाणार, मग जीव लावायचा कशाला?’ असा आक्षेप घरातल्या बाईमाणसांकडून नेहमी येतो, आणि तो खोटा नाही. दुःख होतेच. पण आपण गायी-म्हशी सांभाळलेल्या गावची माणसे आहोत, जनावर जाणे आपण पाहिलेले आहे. नामदेव महाराज भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावले, ही गोष्ट आपण पोरांना सांगतो. ते कुत्रे किती वर्षे जगणार हे त्यांनी विचारल्याचे कुणी सांगत नाही.

आणण्याआधी काय पाहावे

उत्साहात आणून महिन्याने परत केले तर कुत्र्याचे हाल दुप्पट होतात. म्हणून काही गोष्टी आधी ठरवाव्यात. घरातल्या सगळ्यांची संमती हवी. केंद्रात दोन-तीन वेळा जाऊन कुत्र्याजवळ बसावे, साखळी धरून फिरवून पाहावे. निर्बीजीकरण, लसीकरण आणि आजारपणाचे कागद मागून घ्यावेत. आपण गावाला गेलो तर कोण पाहील त्याचे नाव आधीच पक्के करावे. अंथरुणाला खिळण्याची वेळ आली तर कुत्रे कुणाकडे जाईल हेही बोलून ठेवावे. ठेवीला वारस लावतो, तसेच हे.

या क्षेत्रात काम करणारे लोक तीनचे गणित सांगतात: पहिले तीन दिवस कुत्रे बावरलेले असते, तीन आठवड्यांत घराची रीत कळते, तीन महिन्यांत ते घरचे होते. या काळात त्याला मोकळे सोडू नये, नाहीतर ते जुन्या जागेच्या शोधात निघून जाते. लहान मुलांना त्याच्या ताटात हात घालू देऊ नये. आणि रेबीजची लस दरवर्षी, न चुकता.

दत्तकाने सगळे सुटणार नाही

हे स्पष्ट लिहिले पाहिजे, कारण प्राणिप्रेमी मंडळी कधी कधी दत्तकाचे चित्र फार रंगवतात. दीड कोटी कुत्र्यांना घरे मिळणार नाहीत. मूळ काम निर्बीजीकरण आणि लसीकरणाचेच आहे, आणि २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनी ते स्थानिक संस्थांवर टाकले आहे. शेजारच्या गोव्याने काय साधले ते पाहा. २०१३ साली सुरू झालेल्या ‘मिशन रेबीज’ या उपक्रमाबरोबर गोवा सरकारने राज्यभर कुत्र्यांना घरोघरी आणि रस्त्यावर लसी टोचल्या, शाळांतून मुलांना शिकवले. २०१८ पासून पुढची काही वर्षे तिथे रेबीजने एकही माणूस दगावल्याची नोंद झाली नाही, आणि २०२१ मध्ये गोवा रेबीज-नियंत्रित म्हणून जाहीर झाले. चोर्ला घाट उतरला की गोवा. तिथे होते ते इकडे का होऊ नये?

आपल्याकडे आणखी एक अडचण आहे. बाचीपर्यंत कर्नाटक, शिनोळीपासून महाराष्ट्र. माणसांचा सीमाप्रश्न सुटायचा तेव्हा सुटेल, पण कुत्र्याला आणि रेबीजला ती सीमा दिसत नाही. इकडच्या पंचायतीने मोहीम केली आणि पलीकडे झाली नाही तर वर्षभरात सगळे पाण्यात. बेळगाव आणि चंदगड या दोन तालुक्यांतल्या लगतच्या ग्रामपंचायतींनी एकाच आठवड्यात लसीकरण केले तर त्याचा उपयोग होईल. त्यासाठी राज्यांची परवानगी लागत नाही, दोन सरपंचांनी एकत्र बसून तारीख ठरवावी लागते.

जाता जाता एक सूचना घराघरांत सांगावी. कुत्रा चावला तर जखमेवर चुना, हळद, तिखट काही लावू नये. साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे जखम धुवावी आणि लगेच दवाखाना गाठावा. लसीचे सगळे डोस पुरे करावेत. रेबीजची लक्षणे दिसू लागली की माणूस वाचत नाही. दवाखान्यांत लस आणि इम्युनोग्लोब्युलिनचा साठा कायम असावा, असे नोव्हेंबरच्या आदेशातच म्हटले आहे. नसेल तर मागण्याचा आपल्याला हक्क आहे.

मंडळाने काय करावे

आमच्या तीन सूचना आहेत. पहिली, वयस्क कुत्रे घेण्यास तयार असलेल्या घरांची एक यादी मंडळाने करावी आणि जवळच्या केंद्रांना कळवावी. दहा नावे जमली तरी पुष्कळ. दुसरी, ज्यांना कुत्रे घेणे शक्य नाही त्यांनी अशा घरांना औषधोपचारासाठी वर्षाला ठराविक रक्कम द्यावी, आणि तिचा जमाखर्च मंडळाच्या वार्षिक सभेत मांडला जावा. तिसरी, २८ सप्टेंबर हा जागतिक रेबीज दिन असतो, त्या आठवड्यात पंचायत आणि पशुवैद्यकीय दवाखान्याच्या मदतीने लसीकरण शिबिर व्हावे. बाची-शिनोळी दोन्हीकडे एकाच वेळी झाले तर उत्तम.

मुलांकडे राहायला गेलेल्या सभासदांनी पुणे, मुंबई, बंगळूर येथील केंद्रांत एकदा जाऊन यावे. पिल्लांच्या पिंजऱ्याभोवती गर्दी असते. तोंडावर पांढरे केस आलेले कुत्रे बहुधा कोपऱ्यात, पुढच्या पायांवर हनुवटी टेकून पडलेले असते आणि ते उठून फाटकाशी येतही नाही. त्याच्याजवळ पाच मिनिटे बसून पाहावे. घरी न्यायचे की नाही ते मग ठरवावे.